आवाज, कूपरसाहेब!

गॅरी कूपर आमच्याकडे चालला नसता. हे मत मी पुण्या-मुंबईच्या जाणकारांपुढं काढत नाही, कारण ते ऐकताच त्यांच्या भुवया वर जातात आणि अशा वर गेलेल्या भुवयांनाच ते अभिनय म्हणतात. पण खरं ते खरं. ‘हाय नून’मधला तो मार्शल आमच्या मंडपात ओठ मिटून, डोळे बारीक करून, पोटातलं पोटात ठेवून उभा राहिला असता, तर पाचव्या मिनिटाला मागून हाळी आली असती, “आवाज!” दहाव्या मिनिटाला शिट्टी. तरीही गडी मुकाटच आहे म्हटल्यावर मंडळाच्या अध्यक्षांनी पडद्यामागं जाऊन हळूच विचारलं असतं, पाहुण्या कलावंतांची तब्येत बरी नाही का?

तब्येत खरोखरच बरी नव्हती. चित्रीकरणाच्या दिवसांत कूपरला पोटातला अल्सर छळत होता. पडद्यावर जी वेदना दिसते तिच्यातली बरीचशी घरचीच असावी. १९५२च्या त्या चित्रपटासाठी त्याला ऑस्कर मिळालं. आमच्याकडे त्याला आधी डॉक्टर मिळाला असता.

आमच्याकडे म्हणजे झाडीपट्टीत. गडचिरोली, चंद्रपूरचे पूर्वेकडचे तालुके, शिवाय भंडारा-गोंदिया. धान घरात आलं, दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की आमचा नाटकांचा हंगाम लागतो तो होळीपर्यंत. वडशात, म्हणजे कागदोपत्री देसाईगंजात, नाटक कंपन्यांच्या पाट्या एकीला लागून एक अशा आहेत. पन्नासेक कंपन्या असतील. गावचं मंडळ येतं, रंगवलेल्या पोस्टरांपुढं उभं राहतं, ‘लेडीज किती, कॉमेडी कोण, डान्स किती’ असं विचारून नाटक ठरवतं. लेखक कोण, हेही विचारतात. निघता निघता.

ज्याची नजर अशा मंडपात तयार झाली, त्यानं अमेरिकेचे जुने चित्रपट पाहावेत का? माझ्या भाच्यानं नागपुरातून पेनड्राइव्ह भरून पाठवला तेव्हा त्याला हा प्रश्न पडला नसावा. मास्तरकीतून निवृत्त झालेल्या माणसाची दुपार मोठी असते. मी लावले. माझ्यासोबत शेजारच्या मावशीही बसू लागल्या. त्यांना इंग्रजी येत नाही, मला अमेरिकन उच्चार कळत नाहीत, म्हणून खाली उमटणारी अक्षरं वाचून मी त्यांना आमच्या बोलीत सांगतो. थोडक्यात, म्हातारपणी मी प्रॉम्प्टर झालो. झाडीपट्टीत हे मानाचं काम आहे. तालमी थोड्या आणि प्रयोग रोज, अशा धबडग्यात प्रॉम्प्टरचा आवाज बसला तर राजाही गप्प होतो आणि प्रधानही. गॅरी कूपरला मात्र प्रॉम्प्टर लागत नाही. विसरायला त्याच्याकडे फारसं काही नसतंच.

‘हाय नून’ची गोष्ट मी मावशींना दोन वाक्यांत सांगितली. नुकतंच लग्न झालेला, नोकरी सोडून निघालेला मार्शल. त्यानं ज्याला तुरुंगात धाडलं तो फ्रँक मिलर दुपारच्या बाराच्या गाडीनं परत येतोय आणि त्याचे तीन साथीदार स्टेशनावर वाट पाहताहेत. गाडी यायला तासाभराहून थोडा जास्त वेळ आहे, आणि तेवढ्या वेळात मार्शलला गावातून माणसं जमवायची आहेत. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे स्टेशन म्हणावं असं वर्षानुवर्षं एकच, वडसा. तेव्हा स्टेशनावर तीन रिकामटेकडी माणसं बसलीत आणि गाव धास्तावलंय, हे चित्र मावशींना समजावून सांगावं लागलं नाही.

खरी मजा पुढं आहे. मार्शल एका मित्राच्या दारावर येतो. मित्र खिडकीतून त्याला पाहतो आणि बायकोला पुढं करतो. बायको दार उघडून सांगते, हे घरी नाहीत, देवळात गेलेत. तिचा चेहरा पाहण्यासारखा आहे. खोटं बोलायची लाज, नवऱ्याचा राग आणि मार्शलची कीव, तिन्ही एकावर एक. मावशी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. “आमच्याच गावचा हाय जी हा,” म्हणाल्या, “पतसंस्थेचा मानूस आला का आमच्याकडे बी असंच होते.” नंतर मार्शल चर्चमध्ये जातो. तिथं भरते ती तर शुद्ध ग्रामसभा आहे. एक म्हणतो मदत करू, दुसरा म्हणतो हे काम सरकारचं, तिसरा म्हणतो आम्ही कर भरतो तो कशासाठी. शेवटी गावचा प्रमुख उठतो आणि मार्शलचं तोंडभर कौतुक करतो. याच्यासारखा माणूस होणे नाही, यानं गाव राहण्यालायक केलं, वगैरे. आणि त्याच सुरात, त्याच दमात सांगतो, म्हणून तू गाव सोडून जा. थॉमस मिचेल नावाच्या नटानं ते भाषण असं केलंय की आमच्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत तो कुठल्याही पक्षातून आला असता.

पटकथा लिहिणारा कार्ल फोरमन त्या दिवसांत स्वतःच अशा गावात राहत होता. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडमधल्या माणसांना चौकशी समितीपुढं उभं करणं सुरू होतं आणि काल गळ्यात गळा घालणारे मित्र आज घरी नसत. फोरमन पुढं इंग्लंडला निघून गेला. हे कळल्यावर मला कूपरचं गप्प राहणं थोडं वेगळं दिसू लागलं. पण मंडपाचा नियम मोडत नाही. थोडं वेगळं दिसलं, ऐकू आलं नाही ते नाहीच.

आता त्या नियमाबद्दल. कमी केला तो उंची अभिनय आणि मोठ्यानं केला तो गावठी, अशी एक समजूत शहरात पक्की आहे. आमच्या नटाला ‘लाऊड’ म्हणून मोडीत काढतात. मी विचारतो, ऐकणारा किती लांब आहे? कूपरच्या नाकापासून कॅमेरा हातभर अंतरावर. त्याची पापणी हलली तरी ती थिएटरात खिडकीएवढी होते. आमच्या नटापुढं बसलेली असते हजारोंची गर्दी, पुढं खुर्च्या, मागं जमिनीवर अंथरलेल्या चादरी, त्याच्याही मागं मफलर गुंडाळून उभे असलेले लोक. पौषातली थंडी. वर टांगलेला माइक, त्याच्या खाली आलं तर आवाज, बाजूला झालं तर गुडूप. बाहेर भज्यांची कढई. आणि वेळ रात्रीचे तीन. तीन वाजता, बाळ मांडीवर निजवून बसलेल्या बाईपर्यंत दुःख पोचवायचं असेल तर पापणी हलवून भागत नाही, दंड हलवावे लागतात. तिथं कूपर उभा करा आणि हॉलिवूडच्या कॅमेऱ्यापुढं आमचा खलनायक उभा करा. दोघंही पडतील. दोघांचंही चुकलेलं नाही.

रात्रभर का, हेही लोक विचारतात. परगावाहून लोक बैलबंडीनं यायचे, आता मोटारसायकलनं येतात, पण मधे जंगल तेच. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडं वाघ आता गावाच्या शिवारापर्यंत आलेत. नाटक एक वाजता संपवलं तर प्रेक्षकांनी जायचं कुठं? म्हणून पडदा पडतो तो उजाडल्यावर. नाटकाची लांबी आमच्याकडे लेखक ठरवत नाही, वाघ ठरवतो. ‘हाय नून’ पंच्याऐंशी मिनिटांत संपतो. तेवढ्या वेळात आमच्याकडे उद्घाटकांचे सत्कार होतात.

मोठ्यानं केलेला अभिनय अमेरिकेलाही ठाऊक होता, त्यांनी तो माळ्यावर टाकला. बिली वाइल्डरच्या ‘सनसेट बुलेव्हार्ड’मध्ये, १९५०च्या, तो माळ्यावरून खाली येतो. नॉर्मा डेस्मंड ही मूकपटाच्या काळातली विसरलेली नटी. तिचं काम केलंय ग्लोरिया स्वान्सननं, जी स्वतः मूकपटाची राणी होती, आणि तिच्या नोकराचं काम केलंय एरिक फॉन स्ट्रोहाइमनं, ज्यानं एकेकाळी तिला खरोखर दिग्दर्शित केलं होतं. बाकीचे सगळे आधुनिक, आटोपशीर बोलतात. ही बाई मात्र बोटं पंजासारखी करते, डोळे फाडते, मान मागं टाकते. तिला वेडी ठरवण्यात आलंय, पण शेवटी ती जिना उतरते तेव्हा बाकी सगळ्यांचा अभिनय कुठल्या कुठं जातो. ही बाई आमच्या हंगामात आली असती तर होळीपर्यंत एक रात्र मोकळी मिळाली नसती.

याच वाइल्डरचा १९४५चा ‘द लॉस्ट वीकेंड’ मी मुद्दाम मावशींना दाखवला, कारण विषय दारूचा. हा विषय आमच्या भागाला शिकवावा लागत नाही. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१मध्ये उठली. वडसा गडचिरोलीत, ब्रह्मपुरी चंद्रपुरात, मधे वैनगंगा. म्हणजे पुलाच्या एका टोकाला बंदी आणि दुसऱ्या टोकाला परवानगी. या पुलावर संध्याकाळी जो अभिनय चालतो तो नैसर्गिक शैलीचा असतो.

चित्रपटातला लेखक डॉन बर्नम, रे मिलंडनं केलेला, बाटली दोरीला बांधून खिडकीबाहेर लोंबकळत ठेवतो. दुसरी छतावरच्या दिव्याच्या काचेत लपवतो आणि लपवली कुठं तेच विसरतो. रात्री आडवा पडल्यावर छतावर बाटलीची सावली दिसते आणि त्याच्या तोंडावर हसू पसरतं. “दिव्यात कायले ठेवाची?” मावशी म्हणाल्या. “धानाच्या ढोलीत ठेवली असती तं कोनाच्या बापाले नसती भेटली.” मग त्यांच्या लक्षात आलं की आपण एक अंदरकी बात सांगून बसलो, आणि त्या चहा करायला उठल्या.

पुढं हा बर्नम आपला टाइपरायटर गहाण टाकायला निघतो. हातात ते लोखंडाचं धूड, आणि रस्त्यावरची गहाणवटीची सगळी दुकानं ज्यू लोकांच्या सणामुळं बंद. मिलंड चालतच राहतो, एका बंद दारापासून दुसऱ्या बंद दाराकडं. हे पाहताना मला सुधाकर आठवणारच. गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ झाडीपट्टीनं पिढ्यान्‌पिढ्या केलाय. स्वतः गडकरी गेले ते विदर्भातच, सावनेरला, १९१९च्या जानेवारीत, आणि नाटक त्यानंतर महिनाभरात रंगमंचावर आलं. सुधाकर आपली दारू भाषेत ओततो, वाक्यामागून वाक्य, उपमेमागून उपमा. बर्नमची दारू गुत्त्याच्या लाकडावर दिसते. प्रत्येक पेल्याचं एक ओलं वर्तुळ उमटतं, आणि तो मालकाला ते पुसू देत नाही. वर्तुळं वाढत जातात. किती प्याला हे सांगायला दुसरं काही लागत नाही. सुधाकर मोठा की बर्नम, यावर मी स्वतःशी वाद घालतो. सुधाकर शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. ती वर्तुळं पहिल्या खुर्चीलाही दिसली नसती.

आणि मग ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’. जॉन फोर्डचा, १९४०चा. ओक्लाहोमातलं शेतकरी कुटुंब, धुळीनं आणि कर्जानं जमीन गेली, एका खटारा गाडीवर घरदार लादून कॅलिफोर्नियाला फळं तोडायला निघतं. हातात एक छापील कागद, इतके मजूर पाहिजेत म्हणून. तिथं पोचल्यावर कळतं की असे कागद हजारो वाटलेत, आणि जितके हात जास्त तितकी मजुरी कमी. मावशींना मी हे सांगायला लागलो तर त्यांनी हातानंच थांबवलं. आमच्या भागातून दरवर्षी बायामाणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात. धान निघालं की हाताला काम नसतं, ठेकेदाराची गाडी येते, भांडी-अंथरुणं आणि लेकरं घेऊन निघायचं. मावशी तरुणपणी गेलेल्या. हा चित्रपट त्यांनी माझ्या मदतीशिवाय पाहिला.

निघायच्या आदल्या रात्रीचा प्रसंग आहे. आई एकटी बसून जुनी पेटी उघडते. चिठ्ठ्या, एक कात्रण, जत्रेतून आणलेला चिनी मातीचा कुत्रा. काही ठेवते, काही चुलीत टाकते. मग कानातल्यांची जोडी हातात येते. ती दोन्ही कानांशी धरते आणि काचेत पाहते. बोलत नाही. जेन डारवेल नावाची ती नटी, अंगानं स्थूल, चेहरा साधा, डोळे थकलेले. त्या अर्ध्या उजेडात ती एक क्षण नवी नवरी होते आणि परत म्हातारी होते. तिलाही ऑस्कर मिळालं, आणि इथं मी कॅमेऱ्याला हात जोडतो. मंडपात या बाईला स्वगत द्यावं लागलं असतं, मागून सनई, वर एक गाणं. चांगलं झालं असतं, लोक रडले असते, पण हे झालं नसतं.

मी मावशींकडं पाहिलं. त्यांचा चेहरा कोरडा. “खोटे हायत जी ते,” त्या म्हणाल्या. “खरे असते तं कवाचेच गहान पडले असते.”

इतके पैलू मला सुचले होते, हा सुचला नव्हता. फोर्डला सुचला होता का, कोण जाणे. पण त्या बोलल्यापासून मला तो प्रसंग दुप्पट चांगला वाटतो. ज्या दागिन्याला सावकारही शिवला नाही, तोच बाईजवळ उरतो.

त्याच चित्रपटात म्युली नावाचा शेजारी आहे. त्याचं घर पाडायला ट्रॅक्टर येतो तेव्हा तो बंदूक रोखतो. ट्रॅक्टरवर कोण, तर ओळखीचाच पोरगा, पोटासाठी कामाला लागलेला. मग गोळी कोणाला घालायची? जमीन कंपनीची. कंपनीला बँकेचा हुकूम. बँकेच्या साहेबाला पूर्वेकडून आदेश येतो. म्युलीची बंदूक खाली येते. आमच्या जुन्या नाटकांत हा घोळ नव्हता. सावकार स्टेजवर यायचा, फेटा, छडी, मिशीला पीळ, बाया पदराआडून त्याला शिव्या घालायच्या आणि पहाटेपर्यंत त्याचा निकाल लागायचा. आता कर्ज येतं कुठून, तर दर आठवड्याला वसुलीला येणाऱ्या पोरापासून, आणि तो पोरगा शेजारच्या गावचा, त्याचीही नोकरी टार्गेटवर. त्याला फेटा कसा बांधायचा?

म्हणूनच फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’, १९४६चा, मला आमच्या रंगभूमीसाठी तयार कच्चा माल वाटतो. त्यात पॉटर आहे. चाकांच्या खुर्चीत बसलेला, अख्खं गाव खिशात असलेला सावकार, लायोनेल बॅरीमोरनं दातओठ खात केलेला. आणि जॉर्ज बेली, जेम्स स्टुअर्ट, गरिबांना घरासाठी कर्ज देणारी छोटी पेढी चालवणारा भला माणूस. पेढीचे आठ हजार डॉलर त्याच्या विसराळू काकाच्या हातून पॉटरच्या ताब्यात जातात आणि पॉटर ते दाबून टाकतो. जॉर्ज त्याच्याच दारी हात पसरतो. तारण म्हणून विम्याची पॉलिसी दाखवतो. पॉटर हसून म्हणतो, तुझी किंमत तर जिवंतपणीपेक्षा मेल्यावरच जास्त आहे. आणि जॉर्ज बर्फातून पुलाकडं चालू लागतो.

विदर्भातल्या माणसाला हे वाक्य परकं नाही. शेतकऱ्यानं जीव दिला आणि प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर घरच्यांना सरकारी मदत एक लाख. जिवंतपणी त्याला कोणी एवढे मोजत नाही. नवरगावच्या सदानंद बोरकरांनी ‘आत्महत्या’ नावाचं नाटकच केलं आणि ते झाडीपट्टीनं उचलून धरलं. काप्राच्या चित्रपटात जॉर्जला वाचवायला आकाशातून देवदूत येतो, तोही दुसऱ्या दर्जाचा, पंख न मिळालेला, गबाळा म्हातारा. ही भूमिका कोणी करावी याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणेंना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली, ती झाडीपट्टीला हसवता हसवता. पंख त्यांना आधीच मिळालेत म्हणायला हवं.

मनात आलं ते मी करून पाहिलं. वडशाला एका कंपनीच्या ऑफिसात गेलो. मॅनेजर ओळखीचा, त्यानं खुर्ची दिली, गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. पुलाच्या प्रसंगाला त्याचे डोळे भरले. डोळे पुसून त्यानं वही काढली.

“लावनी कुठं टाकाची गुरुजी?”

म्हटलं, जॉर्जच्या लग्नाच्या दिवशीच बँकेवर झुंबड उडते, त्याच्या आधी वरातीत घाल.

“जमते. देवदूताले कॉमेडी देऊ. बर्फ नाई जमनार, आपन पाऊस दाखवू, पाऊस स्वस्त पडते. मंग पॉटरले कोन मारते?”

“कोणीच नाही,” मी म्हणालो. “गावकरी वर्गणी काढून जॉर्जचे पैसे भरतात. पॉटरकडचे आठ हजार पॉटरकडंच राहतात. पोलीस नाही, पश्चात्ताप नाही. चित्रपटात त्याला कोणी विचारतच नाही.”

मॅनेजरनं पेन खाली ठेवलं.

“अमेरिकेचे लोक तिकीट काढून घरी गेले असतील जी,” तो म्हणाला. “आपले लोक सकाळपर्यंत मंडपातच असतात. पॉटर तसाच सुटला तं ते मले धरतील.”

मी म्हणालो, सगळं नाटक त्याच्या सुटण्यावरच उभं आहे. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी तो एवढ्यावर आला: पॉटरला शेवटच्या अंकात एक थप्पड, ती जॉर्जनं नाही, जॉर्जच्या आईनं मारायची, आणि पैसे मात्र परत मिळायचे नाहीत. मी विचार करून सांगतो म्हणालो. त्यानं वहीत दोन तारखा पेन्सिलीनं लिहिल्या आणि विचारलं, पोस्टरवर नाव काय टाकू, छापखान्यात आजच द्यावं लागतं.